राणीच्या पाठीचा बाक

१

सकाळी सात वाजता बगळ्याला राणी सापडली आणि साडेसातला बगळ्याची नोकरी गेली.

राणी म्हणजे मासा. पण नुसतं मासा म्हणून भागायचं नाही. नदीच्या त्या वळणावर चौदा वर्षं गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा कॅम्प चालत होता आणि कॅम्पचा नियम एकच होता: पकडा, मोजा, सोडा. मासा धरायचा तो ओल्या हातांनी, दहा आकडे मोजेपर्यंत, की परत पाण्यात. खायचं तर नावच काढायचं नाही. राणी त्या पाण्यातली सगळ्यात मोठी. नाकापासून शेपटीपर्यंत एक मीटर चार सेंटिमीटर, पाठीवरच्या पराशेजारी पिवळा बिल्ला. चौदा वर्षांत ती पाचच जणांच्या हाती लागली होती. तिच्यासाठी माणसं वर्ष वर्ष आधी खोली राखून ठेवत, चार दिवस पाण्यात पाय बुडवून उभी राहत आणि तिचं शेपूटसुद्धा न दिसता खूश होऊन घरी जात.

ती आता वाळूच्या पट्ट्यावर मरून पडली होती आणि तिच्या ओठात गळ होता.

साधा गळ नव्हे. गळाच्या टोकाला मागे वळलेलं एक बारीक नख असतं. ते एकदा रुतलं की मासा सुटत नाही. कॅम्पमध्ये असल्या गळाला बंदी होती. तिथे सगळे गळ बिननखाचे. नखाचे गळ पलीकडच्या काठावरचे कोळी वापरत, तेही हाताने घासलेले. बगळा त्याच वस्तीतला. एका पायावर भार देऊन तासन्‌तास पाण्यात उभा राहायचा म्हणून पाहुण्यांनीच त्याला ते नाव दिलं होतं. कॅम्पचा गाइड तोच.

मालकीणबाईंनी गळ पाहिला, बगळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किल्ल्या ठेव आणि घरी जा. उद्यापासून वस्तीची पायवाटही बंद."

"मालकीणबाई, मी मारली असती तर तुम्हाला बोलवायला आलो असतो का?"

"ते मला माहीत नाही. उद्या सकाळी परवान्याचा अधिकारी येतोय. त्याला मी काय दाखवू?"

बगळ्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. पलीकडच्या काठाला तीस घरं होती आणि बाजार, शाळा, दवाखाना सगळं कॅम्पमधून जाणाऱ्या त्या पायवाटेने. हे मालकीणबाईंना ठाऊक होतं. तरी त्या बोलून बसल्या. मग खोलीचं दार लावून त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला फोन केला.

"ताई, तू ये. आत्ताच्या आत्ता ये."

२

ताई म्हणजे माशांची डॉक्टरीण. सत्तावीस वर्षं मत्स्यखात्याच्या प्रयोगशाळेत काढलेल्या, सध्या आठवडाभर रजेवर. दोन तास गाडी हाणत त्या दहाच्या सुमाराला पोचल्या. गुडघे धरून उतरल्या आणि धाकटीने पुढे केलेला चहा बाजूला सारून म्हणाल्या, "आधी ती."

राणीला सावलीत, ओल्या गोणपाटावर ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. हात लावला नाही. पाच मिनिटं नुसतं पाहत राहिल्या.

"धाकटे, ही सापडली तेव्हा अशीच होती? अशी वाकडी?"

"हो. का?"

राणी सरळ नव्हती. ताठ झाली होती, पण धनुष्यासारखी बाक घेऊन. सपाट वाळूवर मेलेला मासा सपाट ताठतो.

मग त्यांनी ओठ उचलला आणि भिंग लावलं. मासा आमिष गिळायला जातो तेव्हा गळ तोंडाच्या आतून शिरतो आणि टोक बाहेर येतं. इथे उलटं होतं. टोक बाहेरून आत गेलेलं. आणि जखमेला रक्ताचा थेंब नाही, सूज नाही.

"हा गळ हिला मेल्यावर लावलाय," त्या म्हणाल्या. "आणि लावणाऱ्याला नीट जमलेलं नाही."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. "मग मेली कशाने?"

डॉक्टरीणबाईंनी कल्ल्याचं झाकण उचललं. आतली पानं लालभडक असायला हवी होती, ती पांढुरकी पडली होती. अंगावरचा बुळबुळीत थर दुधासारखा फाटून सुटला होता. त्यांनी कल्ल्यात करंगळी खोल घातली, बाहेर काढली आणि जिभेला लावली.

"शी! ताई!"

"खारट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोड्या पाण्यातला मासा, समुद्र इथून कोसावर नाही, चांगला दिवसभराचा रस्ता. आणि ही खारट आहे."

३

धाकटीचा चेहरा उजळला. उजळू नये अशा वेळी उजळला.

"मग तर प्रश्नच मिटला. मीठ कोण लावतं माशांना? वस्तीतले! खारवून वाळवतात. हिलाही खारवायला घेतलं असणार, मग घाबरून टाकून दिली."

"खारवणारा आधी पोट चिरतो. हिचं पोट शाबूत आहे."

"वेळ मिळाला नसेल."

"आणि मीठ बाहेरून चोळलं असतं तर ते अंगावर राहिलं असतं. हे कल्ल्यांच्या पानापानांत गेलंय." डॉक्टरीणबाईंनी बारीक सुरी घेऊन पोटाला बोटभर छेद दिला, आतलं पाणी काचेवर घेतलं, चाखलं, मान हलवली. "पोटातही आहे. म्हणजे ही खाऱ्या पाण्यात जिवंत होती, धाकटे. श्वास घेत होती."

"ताई, तू माझी बहीण आहेस की त्यांची?"

"तुझी आहे म्हणून दोन तास गाडी हाणली. तुझी आहे म्हणूनच सांगते, उद्या तो अधिकारी काही शेंबडं पोर नसणार. जे मला दिसलं ते त्यालाही दिसेल. मग तू निरपराध माणसाला घालवलंस हेही दिसेल. संध्याकाळपर्यंत मला विचारू नकोस, अडवू नकोस. चालेल?"

धाकटीने मान डोलावली. लहानपणी ताई अशा आवाजात बोलली की घरचे मोठेसुद्धा गप्प बसत.

बगळ्याच्या वडिलांना भेटायला डॉक्टरीणबाई टोपलीसारख्या गोल होडीतून पलीकडे गेल्या. म्हातारबाबा अंगणात जाळं सांधत बसले होते. बगळा भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान वर केली नाही.

गळ पाहताच म्हातारबाबा म्हणाले, "माझाच. हे नख असं दोनदा मीच घासतो."

"बाबा!" बगळा ओरडला.

"खोटं बोलू का? माझा आहे तर माझा आहे." त्यांनी गळ उजेडात फिरवला. "पण बाई, हा पाण्यात गेलेलाच नाही. याला वॉर्निश लावलंय, बघा, चमकतंय. मासे धरायच्या गळाला वॉर्निश कोण लावतं?"

डॉक्टरीणबाईंनी गळ नाकाशी नेला. खरंच, रंगकामाचा वास होता.

"मग कोण लावतं?"

"शोभेला ठेवणारा. कॅम्प सुरू झाला तेव्हा मालकीणबाईंनी सहा गळ मागून नेले. जेवणघरात फळीवर मांडायला." म्हातारबाबांनी जाळ्याची गाठ दातांनी आवळली. "आम्ही मासे खातो, बाई. लपवत नाही. पण आम्ही माशाला नाव ठेवत नाही, म्हणून मग माणसाला नावं ठेवायची पाळी येत नाही."

४

जेवणघराच्या दाराशीच ती फळी होती. निळ्या कापडावर गळ मांडलेले. डॉक्टरीणबाईंनी मोजले. पाच. सहाव्याच्या जागी कापड न विटलेलं, गळाच्याच आकाराचं, गडद निळं.

म्हणजे गळ वस्तीतून कॅम्पमध्ये चौदा वर्षांपूर्वी आला होता आणि कॅम्पमधूनच राणीच्या ओठात गेला होता.

त्या आठवड्यात कॅम्पवर दोनच पाहुणे होते. पहिला फोटोवाला. तो एका प्रवासाच्या मासिकासाठी आला होता, पहिल्यांदाच. टेबलाशी पाव चावत बसला होता आणि वैतागला होता.

"मी कशाला मारू? मला ती जिवंत हवी होती! चार पानं राखून ठेवलीत मासिकाने. मेलेल्या माशाचे फोटो छापून कोण पर्यटक येणार?"

"तुम्ही काल संध्याकाळी कुठे होतात?"

"नदीवरून आलो, बूट धुतले, खोलीत बसून फोटो निवडले. आणि बुटांचं तर विचारूच नका." त्याने टेबलाखालून पाय बाहेर काढला. नव्याकोऱ्या चामड्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. "हे बघा काय झालं. मालकीणबाई म्हणतात, नियम म्हणजे नियम."

"गळ टाकता येतो तुम्हाला?"

"मला बादलीतला मासा पकडता यायचा नाही, बाई."

दुसरे पाहुणे जजसाहेब. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, कॅम्पच्या पहिल्या वर्षापासून दर हंगामाला येणारे. राणीला पकडणाऱ्या पाच जणांतले पहिले तेच, आणि बिल्लाही त्यांनीच लावलेला. ते खिडकीशी उन्हात बसले होते.

"कोण? आवाज ओळखीचा वाटतो."

"मालकीणबाईंची थोरली बहीण. माशांची डॉक्टरीण."

"या, या, डॉक्टरीणबाई. बसा." ते बोलताना डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे नाही, कानाशेजारच्या हवेकडे पाहत होते. "वाईट झालं. फार वाईट. तिला मी ओळखत होतो हो, माणसाला ओळखावं तसं."

"काल पाण्यात उतरला होतात?"

"छे! या खेपेला गुडघा साथ देत नाही. नुसता बसून असतो. नदी ऐकतो."

"बगळ्यावर संशय आहे म्हणतात."

जजसाहेबांनी चहाचा कप शोधला. आधी बशी, मग कड, मग कान. "पुरावा आहे ना त्याच्या विरुद्ध? गळ तिकडचाच." कप हाती आल्यावर ते म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण चांगली माणसंही चुकतात." मग हात उंचावून त्यांनी समोरची भिंत दाखवली. "तो बघा, माझा आणि राणीचा फोटो. तेव्हा ती केवढीशी होती. रोज जेवताना बघतो."

डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे नदीचा नकाशा टांगला होता.

"छान आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी धाकटीला विचारलं, "जेवणघरातला तो फोटो?"

"ओल धरली होती. दोन महिने झाले काढून. का गं?"

"काही नाही. मला एक जाड तार दे. हातभर नको, चांगली दीड मीटर."

५

त्यांनी तार राणीच्या पाठीवर ठेवली आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत दाबत दाबत तिचा बाक तारेत उतरवून घेतला. मग ती तार घेऊन त्या कॅम्पभर फिरू लागल्या. धाकटी मागे मागे.

"ताई, हे काय चाललंय?"

"मेलेला मासा जिथे ताठतो तिथला आकार घेतो. ही कुठल्यातरी गोल गोष्टीच्या कडेला टेकून मेली आणि तिथेच ताठली. मग कोणीतरी हिला वाळूवर आणून ठेवलं. ती गोल गोष्ट मला हवी आहे."

स्वयंपाकघरातलं भांडी घासायचं मोठं घमेलं. तार बाहेर राहिली, घमेलं फार लहान. छपरावरची पाण्याची टाकी. तिच्यात माणूसही शिडीशिवाय उतरणार नाही, आणि झाकणाला कुलूप. मग काठावरची गोल होडी, जी एरवी बगळाच चालवायचा. डॉक्टरीणबाईंनी तार होडीच्या पोटाला लावली आणि धाकटीचा श्वास अडकला. तार जवळजवळ बसली.

"ताई..."

"जवळजवळ." त्यांनी तारेखाली दोन बोटं घातली. ती आरामात गेली. "होडी मोठी आहे. हिचा बाक जास्त आहे. आणि जवळजवळवर माणसाची भाकरी जात नाही."

ऊन उतरायला लागलं होतं. गुडघे कुरकुरत होते. धाकटी म्हणाली, थोडं बस. डॉक्टरीणबाई बसल्या नाहीत. खोल्यांच्या रांगेमागून जाताना, शेवटच्या खोलीच्या पाठीमागे, त्या थांबल्या.

तिथे सिमेंटचं गोल टाकं होतं. चार फूट रुंद, गुडघाभर खोल. पाणी काचेसारखं नितळ.

"हे काय?"

"बूट धुवायचं. बाहेरच्या नद्यांतले रोग आणि शेवाळ पाहुण्यांच्या बुटांबरोबर इथे येतं ना, म्हणून. आधी साधंच पाणी असायचं. या हंगामापासून मी..." धाकटी बोलता बोलता गप्प झाली.

"या हंगामापासून काय?"

"रोज संध्याकाळी पाचला बगळा त्यात गोणीभर मीठ घालतो."

डॉक्टरीणबाईंनी तार पाण्यात सोडली आणि भिंतीला लावली. ती टाक्याच्या आतल्या कडेला चिकटून बसली. बोट सोडा, नखही जायला जागा उरली नाही. मग त्यांनी बाही वर केली, तळाशी हात फिरवला आणि काहीतरी चिमटीत धरून वर काढलं. रुपयाएवढा खवला होता.

"बघ ना! मीठ बगळाच घालतो!" धाकटीचा आवाज चिरकला.

"म्हणूनच तो नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मारायचंच असतं तर एक दगड पुरला असता. खायचं असतं तर घरी नेलं असतं. राणीला कोणीतरी उचलून, जपून, पाण्यात आणून ठेवलं. का? ती जगावी म्हणून. ज्याने हिला मारलं ना धाकटे, त्याला ती जिवंत हवी होती."

६

सूर्य मावळायच्या आत त्यांनी सगळ्यांना टाक्यापाशी बोलावलं. धाकटी, फोटोवाला, काठी टेकत आलेले जजसाहेब, आणि निरोप धाडून बोलावलेला बगळा. तो बापाला पलीकडेच ठेवून एकटा आला होता आणि लांब उभा होता.

"राणी या टाक्यात मेली," डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. "मिठाच्या पाण्यात. आणून ठेवणाऱ्याला वाटलं, पाणी गोडं आहे. तेव्हा प्रश्न एवढाच, की इथे मीठ असतं हे कोणाला माहीत नव्हतं? बगळ्याला माहीत, तो स्वतः घालतो. माझ्या बहिणीला माहीत, नियम तिचा. स्वयंपाकघरातल्या लोकांना माहीत, गोण्या त्यांच्या कोठीत असतात."

फोटोवाला चटकन म्हणाला, "मी नवीन आहे, पण मला..."

"तुमच्या बुटांनी सांगितलं. काल तुम्ही इथेच पाय बुडवलेत आणि भांडलातही. तुम्हाला माहीत होतं. शिवाय तुम्हाला मासा पकडता येत नाही." त्या वळल्या. "राहिले जजसाहेब."

जजसाहेब हसले. "अहो, चौदा वर्षं येतोय मी. या टाक्यात बूट धुऊन माझी उमर गेली. आणि ही पाटी काय मी वाचली नसेल?"

टाक्याच्या दुसऱ्या बाजूला, नदीकडे तोंड करून हातभर पाटी होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं.

"मग वाचा ना, साहेब. मोठ्याने."

"पोरखेळ आहे हा."

"असू दे. वाचा."

जजसाहेबांनी पाटीकडे तोंड केलं. पाटीच्या थोडं डावीकडे.

"'कृपया बूट धुऊन मगच आत यावे,'" ते ठामपणे म्हणाले.

फोटोवाल्याने पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. धाकटी हळूच म्हणाली, "साहेब, ती जुनी पाटी होती. यावर लिहिलंय, 'सावधान. मिठाचं पाणी. मासे किंवा आमिष यात ठेवू नये.'"

जजसाहेबांची काठी सिमेंटवर एकदा वाजली.

"माझ्या सासूबाईंना हाच आजार होता," डॉक्टरीणबाई आता हळू आवाजात बोलल्या. "मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून त्या माणसाच्या कानाकडे बघून बोलायच्या. तुम्ही मला भिंतीवरचा फोटो दाखवलात, तो तिथे दोन महिने नाही. आणि तो गळ, साहेब. डोळस माणसाने मासा अडकलाय असं सोंग रचलं असतं तर गळ आतून बाहेर काढला असता. तो चाचपून लावलाय. दाराशीच्या फळीवरून काढलाय तोही चाचपूनच."

जजसाहेब टाक्याच्या कठड्यावर बसले.

"हा शेवटचा हंगाम होता," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी हेही राहणार नाही. कोणाला सांगितलं असतं तर तुम्ही मला एकट्याला काठावर जाऊ दिलं नसतं. काल तिन्हीसांजेला खोलीखालच्या डोहात गळ टाकला. आणि ती आली. गळाला लागल्या लागल्या कळलं, तीच. काठाला घेतली, हात फिरवला. पाठीवर बिल्ला होता. मी लावलेला." त्यांनी हात उघडून पाहिले. "पण उजेड गेला होता. मला काही म्हणजे काही दिसेना. भर उन्हात, अगदी जवळ धरलं की मला अजून थोडं दिसतं. वाटलं, एक रात्र. सकाळी ऊन आलं की एकदा डोळे भरून बघीन आणि सोडीन. जाळीत घालून इथे आणली. तीस पावलं. वाटेत दोनदा पाणी शिंपडलं. सकाळी पाहिलं तर..."

"ते कळलं, साहेब," लांबून बगळा म्हणाला. टाक्यापाशी आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "गळाचं सांगा."

जजसाहेबांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"मेलेला मासा दिसला की लोक विचारतात, कोणी केलं? म्हणून तिला वाळूवर नेऊन, कोणी विचारण्याआधीच मी उत्तर ठेवून दिलं. एकतीस वर्षं कोर्टात एक गोष्ट शिकलो. लोक आधीच जे धरून बसलेले असतात, त्याला पुरावा थोडकाच लागतो. तो थोडका पुरावा मी दिला."

धाकटीने डोळे मिटून घेतले. त्यातला अर्धा तडाखा आपल्याला आहे हे तिला कळलं होतं.

"मी आत्ताच लेखी जबाब देतो," जजसाहेब म्हणाले. "मालकीणबाई, तुम्ही लिहा, मी सही करतो."

"तो उद्यासाठी ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ज्याच्या हाताचा गळ तुम्ही वापरलात तो म्हातारा पलीकडे बसलाय. कागद त्याला वाचता येत नाही."

७

होडी बगळ्यानेच वल्हवली. होडीत जजसाहेब, धाकटी आणि डॉक्टरीणबाई. काठाला लागताना जजसाहेबांचा पाय अडखळला. बगळ्याने दंड धरून त्यांना उतरवलं आणि लगेच हात सोडला.

वस्तीत बातमी वाऱ्याआधी पोचते. अंगणात तीस घरांतली माणसं उभी होती. म्हातारबाबा मात्र बसूनच होते.

जजसाहेबांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. उभं राहून सांगितलं. बसा असं त्यांना कोणी म्हणालं नव्हतं.

म्हातारबाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "माझ्या पोराला किल्ल्या ठेव म्हणाले, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच. व्हरांड्यात."

"काय करत होतात?"

"चहा पीत होतो."

कोणीतरी तोंडातल्या तोंडात शिवी दिली. म्हातारबाबांनी हात वर करून गप्प केलं.

"किती वर्षं निवाडे केलेत म्हणता?"

"एकतीस."

"मग तुम्हीच सांगा. तुमचं आता काय करायचं?"

जजसाहेबांनी दोन्ही हात काठीवर ठेवले. "ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "तो अधिकार माझा नाही."

"हं," म्हातारबाबा म्हणाले. "आता बरोबर जागी उभे आहात." आणि सुनेला म्हणाले, "यांना बसायला काहीतरी दे. पडतील."

मग धाकटी पुढे झाली. ती सगळ्यांसमोर जमिनीवर बसली आणि बगळ्याकडे बघून म्हणाली, "तुला एक प्रश्नही न विचारता मी तुला काढलं. गळ बघितला आणि मला हवं ते मिळालं. चुकलं माझं. पायवाट बंद होणार नाही, तसं कागदावर लिहून देते. तू परत ये."

"येईन की नाही ते नंतर बघू," बगळा म्हणाला. "आधी उद्याचं. तो अधिकारी येईल तेव्हा राणी कशी मेली हे मी सांगणार. तुम्ही नाही, साहेब नाही, ताई पण नाही. सकाळपासून माझ्याबद्दल सगळे बोलतायत. मी अजून बोललेलो नाही."

धाकटीने बहिणीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई दुसरीकडेच बघत होत्या. हे उत्तर धाकटीचं होतं.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नऊला अधिकारी आला. जेवणघरात टेबलापाशी बसला, चष्मा पुसला, वही उघडली. त्याच्यासमोर जजसाहेबांनी सही केलेला कागद होता, डॉक्टरीणबाईंचा अहवाल होता, आणि बाकावर म्हातारबाबा बसले होते, कॅम्पच्या जेवणघरात पहिल्यांदाच.

"मालक कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. "पण बोलणार हा."

बगळ्याने खुर्ची ओढून घेतली, बसला आणि म्हणाला, "लिहून घ्या. आमच्या नदीत एक मासा होता."